बुर्जीची गाठ

सरदार दत्तोबा रणनवरे यांना फार लवकर हरवणे अशिष्ट दिसले असते आणि फार उशिरा हरवणे संशयास्पद. बारा वर्षांच्या सहवासात यज्ञेश्वरपंतांनी या दोहोंमधला काळ नेमका बसवला होता. शके १७१२ च्या भाद्रपदात, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवार पेठेतल्या दिवाणखान्यात असाच एक डाव बेताने संपत आला असताना सरदारांनी पटावरून नजर न काढता विचारले,

"पंत, आपले गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागच्या जागी, सरकार."

"तेच म्हणतो. जागचे हलत नाहीत."

पंतांनी हातातला घोडा खाली ठेवला. गेल्या मोहिमेत त्यांना घोड्यावर बसवायला दोन माणसे लागत आणि उतरवायला तीन. पण त्याविषयी सरदारांनी आजवर अवाक्षर काढले नव्हते.

"यंदा कृष्णेपलीकडे जायचे आहे," सरदार म्हणाले. "दसऱ्याला निघू. तंबूत पट मांडायला माणूस तर हवाच. आमच्या पागेतल्या जयसिंगला बुद्धिबळ शिकवा. खंडेनवमीला तो तुमच्याशी एक डाव खेळेल. तो जिंकला तर मोहिमेवर तो येईल. तुम्ही जिंकलात तर तुम्ही, आणि पालखीतून."

"आणि बरोबरी झाली तर?"

"तर जुना गडी कायम." सरदार हसले. "मात्र एक. आमच्या तालमीत जोड लावण्याआधी वस्ताद माती उचलून ग्वाही देतो, की या पठ्ठ्याला सर्व सांगितले, काही राखले नाही. तशी ग्वाही तुम्ही वजीर हातात घेऊन द्यायची."

पंतांनी मान डोलावली. त्यांना एवढेच कळले होते, की ज्या लोडाला टेकून आपण बारा वर्षे बसलो, तो लोड पाठीमागून ओढण्याचे काम आपल्याच हातांनी व्हायचे आहे.

पंतांचे दोघे भाऊ पुण्यात शास्त्री म्हणून नावाजलेले होते. पेशवे दक्षिणा वाटत त्या दिवसांत रस्त्यातून चालले तर चार माणसे वाकून नमस्कार करीत. पंतांना त्याच गल्लीत "ते सोंगट्या हलवणारे" म्हणत. सबंध वर्षात मोहिमेचे सहा महिने काय ते असे, की कनातीबाहेर पथक ताटकळत उभे असायचे आणि आत पंत म्हणायचे, "सरकार, आधी शह वाचवा." ते सहा महिने गेले असते तर मागे गल्ली तेवढी उरली असती.

जयसिंग दुसऱ्याच दिवशी सकाळी हडपसरहून अडीच कोस घोडा मारीत हजर झाला. तिशीचा, कपाळावर तिरका वार, आणि बोलण्यात कसलाही संकोच नाही. बसता बसता त्याने पटावरची चौसष्ट घरे बोटाने मोजली.

"पंत, आधी समदे नियम एकदम सांगून टाका. म्हंजे मी ध्यानात ठिवतो आन् मग खेळू."

"जयसिंगराव, पोहणे काठावर बसून सांगतात का?"

"बुडवून बी शिकवीत न्हाईत."

"आम्ही शिकवतो," पंत म्हणाले.

त्यांनी मोहऱ्यांच्या चाली सांगितल्या. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरे, वजिराला दोन्ही वाटा, राजा चहूकडे एकेक घर, प्यादे एक घर पुढे. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची, हेही सांगितले. तेवढ्यावर डाव मांडला. तेराव्या खेळीला जयसिंगाने आपले प्यादे समोरच्या घोड्यावर नेऊन ठेवले आणि घोडा उचलू लागला, तसा पंतांनी त्याचा हात धरला.

"प्यादे सरळ चालते, पण मारते तिरके."

"हे कधी सांगितलं?"

"आत्ता."

जयसिंगाने हात मागे घेतला. पंत पुढे म्हणाले, "आणि ज्या मोहऱ्याला हात लागला ते हलवावेच लागते. घोड्यासमोर प्यादे अडकले आहे, तेव्हा ही खेळी फुकट गेली."

"आन् हे?"

"हेही आत्ताच."

डाव संपला तेव्हा जयसिंगाने कमरेचा दोर काढला. घोड्याची जुनी अगाडी होती ती, पुढचे पाय बांधायचा दोर, घामाने काळा पडलेला. त्याने तिला दोन गाठी मारल्या.

"हे काय?"

"मला लिवता येत न्हाई. पर गाठ सुटत न्हाई माझी."

पुढचे सर्व दिवस याच रीतीने गेले. पंत कोणताही नियम आधी सांगत नसत. तो जयसिंगाच्या अंगावर येईपर्यंत थांबत आणि मग पानाला चुना लावता लावता सांगत. त्यांच्या राजाला शह लागायची वेळ आली, की राजा घोड्यासारखा अडीच घरे उडून जाई. "राजाला डावात एकदा घोड्याची उडी असते." दुसऱ्या दिवशी जयसिंगाने मोठ्या हौसेने आपला राजा उडवला, तर पंतांनी तो उचलून परत जागेवर ठेवला. "एकदा शह लागल्यावर उडी जाते. तुम्हाला सकाळीच शह लागून गेला." जयसिंगाचे प्यादे धडपडत शेवटच्या घरात पोचले आणि त्याने वजीर मागितला, तर पंत म्हणाले, "ज्या मोहऱ्याचे घर, ते मोहरे होते. हे उंटाचे घर. उंट घ्या आणि समाधान माना."

प्रत्येक वेळी जयसिंग तेच विचारी: "हे कधी सांगितलं?" आणि प्रत्येक वेळी पंत तेच उत्तर देत: "आत्ता." पहिल्या आठवड्यात दोघेही ते बोलताना एकमेकांकडे पाहत. पुढे पुढे पाहणेही बंद झाले. प्रश्न आला की उत्तर जाई, शिंकेमागून रुमाल यावा तसे.

पितृपंधरवड्यात एकदा जयसिंग सलग तीन डाव हरला. तिसऱ्या डावात त्याने पंतांच्या राजाच्या सर्व वाटा बंद केल्या होत्या आणि तो मिशीला हात लावून बसला होता.

"शह नसताना राजाची वाट तोडता येत नाही," पंत म्हणाले. "एक वाट उघडून द्या."

जयसिंगाने वाट उघडून दिली आणि त्याच वाटेने आलेल्या राजामागून पंतांचा हत्ती आला. मात झाली.

"पंत, एक इचारू? लढाईत दगा हाय, म्हाईत हाय मला. पर तो गनीम करतो. वस्ताद न्हाई करत."

"तुम्ही मला वस्ताद कधी मानलेत?"

"मानाया आलो व्हतो. तुम्ही दारातच जोडा मारला."

"लागला का?"

"लागला." जयसिंगाने शांतपणे आठवी गाठ मारली. "ठिवलाय जपून."

त्या दिवशी पंत घरी आले ते खुशीत. आनंदीबाईंनी पान वाढले, गुडघ्यांना लावायला एरंडेल कोमट करून आणले आणि म्हणाल्या,

"आज इकडची स्वारी हसतमुख. शिकला वाटते तो?"

"शिकतो कसला! डोक्यात पागेतले गवत आहे. रोज हरतो."

"मग शिकवणारा हरला म्हणायचा."

"तुम्हाला यातले कळत नाही."

"नाही कळत. मोहिमेवर जायचे ते गुडघे मात्र मीच चोळते, म्हणून विचारले."

पंतांना खरोखरच वाटत होते, की सर्व काही बेतानुसार चालले आहे. जयसिंग हडपसरला परत गेल्यावर काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यावे असे वाटलेही नव्हते. तो पागेच्या मातीत काठीने चौसष्ट घरे आखी, चिंचोके आणि खडे मांडून सकाळी हरलेला डाव पहिल्या खेळीपासून पुन्हा खेळे, आणि हरला ती खेळी सापडेपर्यंत तिथून उठत नसे. आधी तो पंतांच्या बाजूने खेळून पाही, मग आपल्या.

घटस्थापनेनंतर त्याचे डाव लांबू लागले. पंतांना पानाला चुना लावायला फुरसत मिळेना. पण नवा नियम काढला की डाव आपल्याकडे वळतो, ही त्यांना सवय झाली होती. एके दिवशी जयसिंगाने तिरक्या वाटेने सापळा लावून त्यांचा वजीर घेतला. पंतांनी प्यादे सरकवत सरकवत घोड्याच्या घरात नेले, तिथे त्याचा घोडा केला आणि त्याच दमात तो उडवून जयसिंगाचा हत्ती मारला.

"एका खेळीत दोन?"

"प्याद्याचा घोडा झाला की तो लगेच उडतो."

"हे कधी सांगितलं?"

"आत्ता."

नववी गाठ. डाव पंतांनी जिंकला, पण घरी जाताना हौदापाशी थांबून ते दोन ओंजळी पाणी प्याले. आपल्याजवळ आता राखलेला नियम एकच उरला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

तो नियम बुर्जीचा. समोरच्याची एकूण एक मोहरी मारली आणि पटावर त्याचा राजा तेवढा एकटा उरला, तर ती बुर्जी. मग डाव जिंकल्याचा होत नाही, बरोबरीचा होतो. म्हणून जाणता गडी समोरच्याचे शेवटचे मोहरे मारत नाही. ते जिवंत ठेवतो आणि मात देतो. हा नियम जिंकणाऱ्याने सांभाळायचा असतो. आणि जयसिंग तर कधी जिंकलाच नव्हता. जो नियम अंगावर आल्याखेरीज सांगायचा नाही तो याच्या अंगावर येणार तरी कसा? पंतांना हसू आले. पायरी चढता न येणाऱ्याला गच्चीवरून कसे पडू नये ते कशाला शिकवायचे?

खंडेनवमीच्या सकाळी चौकात शस्त्रे धुऊन पुसून मांडली होती. तलवारींना झेंडूच्या माळा, दांडपट्ट्यांना हळदीकुंकू. पूजा आटोपल्यावर सरदारांनी मधोमध पट मांडायला सांगितला. पागेतली माणसे, तालमीतली पोरे, दोन-तीन कारकून असे सगळे भोवती बसले. पंतांचे भाऊही येऊन एका बाजूला टेकले. त्यांनी येऊन बसावे असे पंतांना वर्षानुवर्षे वाटत आले होते.

"ग्वाही," सरदार म्हणाले.

पंतांनी काळा वजीर उजव्या हातात धरला. "या खेळाचे सर्व नियम," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "या गड्याला सांगितले आहेत. राखलेले काही नाही." बोलताना मनातल्या मनात ते एकेक नियम मोजत होते. नवव्यापाशी क्षणभर अडखळले आणि पुढे गेले. मग त्यांनी न विचारताच आणखी एक वाक्य जोडले: "आणि सरकार, मी या गड्याला साधी मात देणार नाही. प्यादेमात देईन."

भोवती कुजबूज झाली. जयसिंगाने अगाडी मांडीवर ठेवली आणि पहिले प्यादे पुढे केले.

पंतांची चूक पहिल्या वीस खेळ्यांतच झाली. प्यादेमात द्यायची तर प्यादी जपावी लागतात, आणि प्यादी जपायची तर मोठी मोहरी त्यांच्या राखणीला बांधून ठेवावी लागतात. ज्या हत्तीने एरवी रान उठवले असते तो एका प्याद्यामागे द्वारपाळासारखा उभा राहिला. जयसिंगाने त्या हत्तीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने हत्तीशेजारचा उंट घेतला, मग घोडा, मग वजिराला वजीर दिला. पुढच्या खेळीला राजाची उडी मारायची असे पंतांनी ठरवले, तेवढ्यात जयसिंगाने निमूटपणे शह दिला. शह लागला आणि उडी गेली. ही पाचवी गाठ होती.

प्यादेमातीचे नाव पंतांनी मनातून पुसून टाकले, पण उशीर झाला होता. दुपार कलली तोवर पांढऱ्या बाजूला राजा, हत्ती आणि तीन प्यादी होती. काळ्या बाजूला कोपऱ्यात दबलेला राजा आणि एकच उंट. जयसिंगाचे एक प्यादे राजाच्या इतके जवळ येऊन उभे होते, की आणखी एक घर सरकले की खेळ आटोपला. आणि ती मात प्याद्याचीच झाली असती. पंतांनी ते पाहिले. टाळण्याचा उपाय पटावर नव्हता.

पण पटाबाहेर होता. पंतांनी उंट उचलला आणि सरळ हत्तीच्या तोंडी नेऊन ठेवला.

आता एकच प्रश्न होता: हा माणूस प्यादे सरकवतो, की उंट खातो? जयसिंगाचा हात प्याद्यावर आला आणि तिथेच अधांतरी थांबला. हात वळला. जयसिंगाने हत्तीने उंट मारला आणि तो आपल्या उपरण्यात, आधीच्या चौदा काळ्या मोहऱ्यांत टाकला. लाकूड लाकडावर आपटल्याचा आवाज सगळ्या चौकाने ऐकला.

"बुर्जी!" पंत जवळजवळ ओरडले. "सरकार, बुर्जी झाली! माझा राजा एकटा उरला. डाव बरोबरीचा. जुना गडी कायम!"

कोणीतरी "अरेरे" म्हणाले. सरदार पुढे वाकून पट पाहत होते. त्यांना नियम ठाऊक होता, त्यांनी मान हलवली. "बुर्जी खरी. जयसिंग, शेवटचे मोहरे मारायचे नसते, हे विसरलास?"

"इसरलो न्हाई, सरकार. म्हाईतच न्हवतं."

"पंतांनी ग्वाही दिली आहे."

"माझी बी ऐका." जयसिंगाने दोर उचलला आणि पहिली गाठ चिमटीत धरली. "प्यादं तिरकं मारतं. पैल्या दिवशी. दुसरी, हात लागंल ते हलवायचं. त्याच दिवशी. तिसरी, राजाला घोड्याची एक उडी. पंत तवा म्हणाले, 'राजे लोक पळतातच, जयसिंगराव, त्यात नवल ते काय.' चवथी, राजाच्या शेजारी राजा बसत न्हाई." एकेक गाठ बोटांखालून सरकत गेली आणि प्रत्येक गाठीबरोबर दिवस आला, डाव आला आणि पंतांचा टोमणा आला, त्यांच्याच सुरात. तालमीतली पोरे हसू लागली. 'उंट घ्या आणि समाधान माना' याला तर एक कारकूनही हसला. पंतांचे थोरले भाऊ हसले नाहीत. ते पंतांकडे पाहत होते. "नववी, प्याद्याचा घोडा लगेच उडतो. ललितापंचमी. संपल्या गाठी."

पण पंत डगमगले नाहीत. उत्तर तयार होते. एकादशीला सांगितले, असे म्हणायचे. एकादशीला तो आला होता, तिथे तिसरे कोणी नव्हते. गाठ मारायची राहून गेली असेल, दोष दोराचा. शपथेला शपथ भिडली असती आणि पंतांचे वय, कूळ आणि बारा वर्षे ही त्यांच्या बाजूने उभी राहिली असती. शब्द अगदी जिभेवर येऊन बसले होते. फक्त सरदारांनी विचारायचा अवकाश होता.

सरदारांनी विचारले नाही. जयसिंगाने विचारले. पटावर बोट ठेवून, वर न पाहता, पंचवीस दिवस जसे विचारले तसेच.

"हे कधी सांगितलं?"

"आत्ता," पंत म्हणाले.

शब्द बाहेर पडला आणि मग त्यांना ऐकू आला. एकादशी जिभेवरच राहिली.

थोरले भाऊ उठले, उपरणे झटकले आणि कोणाचाही निरोप न घेता निघून गेले. धाकटे त्यांच्या मागून गेले. सरदारांनी पंतांकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर पंतांना सोसला असता.

"बरोबरी झाली तर जुना गडी कायम, असे मी म्हणालो होतो," ते शेवटी म्हणाले. "ते खरे. पण ग्वाही खोटी ठरली की तालमीतून वस्ताद बाहेर जातो, हेही या घरात आधीपासूनच आहे. ते काही तुम्हाला आत्ता सांगत नाही. जयसिंग, उद्या सीमोल्लंघन झाले की पट तुझ्या खोगिराला बांध."

माणसे उठली. शस्त्रे उचलण्याची खणखण सुरू झाली. पंत तसेच बसून राहिले. एक तर गुडघे अवघडले होते, आणि हात द्यायला आज कोणी पुढे आले नाही. समोर जयसिंग दोराच्या उरलेल्या टोकाला दहावी गाठ मारीत होता.

पंतांकडे आता देण्यासारखे एकच होते, आणि तेही त्यांनी फेकून दिल्यासारखे दिले.

"प्यादे एक घर सरकवले असतेत तर मात होती. प्यादेमात. सरदारांसमोर, सगळ्यांसमोर. आपल्याला दिसली नाही. आणि हा मान मी पहिल्याच दिवशी सांगितला होता."

"दिसली व्हती," जयसिंग म्हणाला.

"मग?"

"पंचवीस दिस तुम्ही माझी एकेक सोंगटी उचलत व्हता. म्हणलं, एक बी ठिवायची न्हाई तुमच्या अंगावर. मात काय, मागनं बी दिली असती."

त्याने गाठ दातांनी आवळली. उपरण्यात काळी मोहरी पंधरा होती. सोळावा राजा पटाच्या कोपऱ्यात उभा होता. जयसिंगाने पंधरा मोहरी डब्यात भरली आणि हात पुढे केला.

"त्यो बी द्या. डबा बांधायचाय."

पंतांनी राजा उचलला. तो त्याच्या हातात न देता त्यांनी पटावरच आडवा ठेवला, आणि खांबाला धरून उठू लागले.